बाबांचं ऑफिशियल गाइड

‘गाइड’ या शब्दाचा आमच्या घरात एकच अर्थ होता. परीक्षेच्या आधी पाठ करायचं पुस्तक, ज्यात प्रश्नांची उत्तरं आयती तयार असतात ते. त्या शब्दाला आणखीही अर्थ असतात हे मला उशिरा कळलं, आणि बाबांना तर ते कळायची वेळच आली नव्हती. म्हणून एका संध्याकाळी त्यांनी रुमालात बांधून जे जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी आणलं, त्याच्या पहिल्या पानावर ‘ऑफिशियल गाइड’ असं वाचून त्यांनी जो अर्थ काढला त्यात त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. चुकलं माझं. आणि एकदा नाही, जवळजवळ दोन वर्षं, रोज संध्याकाळी.

बाबा हिंगोलीतल्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते. शिक्षण सातवी. मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, इंग्रजी मात्र एकेक अक्षर जोडत, बोट ठेवून. परभणीतून फुटून आमचा जिल्हा वेगळा झाला तशी गावात साहेबांची रीघ लागली. हे साहेब येताना तोंड पाडून यायचे आणि बदलीचा कागद हातात पडला की दुसऱ्या दिवशी ट्रक बोलवायचे. अशाच एका साहेबांचं सामान बांधायला बाबा गेले होते. टाकून द्यायच्या ढिगात त्यांना ते पुस्तक दिसलं. वरचं कव्हर गेलेलं, मधली रंगीत पानं साहेबांच्या मुलांनी कापून घेतलेली. बाबांनी पहिलं पान वाचलं. ऑफिशियल. गाइड. खाली आणखी एक नाव होतं ते काही त्यांना लागलं नाही. ते खात्याचं नाव असणार असं त्यांनी धरलं. आत एक तक्ता होता, वर एक चौकोन, त्याखाली तीन, त्याखाली बरेच, सगळे रेघांनी जोडलेले. तसाच तक्ता त्यांच्या कचेरीच्या भिंतीवर होता. मग शंका कसली? उभ्या नोकरीत साहेबांकडे स्वतःसाठी काही न मागितलेल्या माणसाने धीर करून विचारलं, "सायब, हे गाइड माझ्या पोरीला नेऊ का?" साहेब ट्रकच्या दोरखंडाकडे बघत ‘घेऊन जा’ म्हणाले.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. घरी बसलेल्या मुलीचं काय होतं हे सांगायला नको. आईने मामाच्या ओळखीतून कळमनुरीचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा आश्रमशाळेवर शिक्षक, घरी थोडी शेती, माणसं गरीब स्वभावाची. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, मी त्याला पाहिलंही नव्हतं. मला फक्त एकदा स्वतःच्या नावावर या गावातून बाहेर पडायचं होतं. स्पर्धा परीक्षा देईन म्हणून मी बाबांच्या मागे लागले होते आणि बाबा ‘बघू’ म्हणत होते. त्या संध्याकाळी बाबांनी रुमाल सोडला, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे वाचूनच सायब झाले ते. ऑफिशियल हाय, बाजारातलं न्हाई. दोन वर्षं तू निसतं वाच, माय. तवर ह्या घरात पाहुणे यायचे न्हाईत. माझा शब्द."

कचेरीत ‘ऑफिशियल’ म्हणजे वरून आलेलं, सहीशिक्क्याचं. टपरीवर चहा पिताना बोललं जातं ते ‘अनऑफिशियल’. बाबांच्या लेखी जगात याच दोन जाती होत्या. त्यांनी ते पुस्तक कोनाड्यात ठेवलं. आमच्याकडे देव्हारा नाही, त्या जागी कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्या बाजूला पुस्तकं असत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते उघडलं. दोन पानांत कळलं. ते एका परदेशी टीव्ही मालिकेचं गाइड होतं. अंतराळातली मालिका. पृथ्वीपासून कुठच्या कुठे एक ठाणं, त्यावर चाळीस माणसं, आणि त्यांना घरी न्यायला येणारं यान काही केल्या येत नाही. मालिकेचा एकूण एक भाग क्रमांक घालून थोडक्यात सांगितलेला. कोण कुठल्या हुद्द्यावर, कोणाच्या बाहीवर किती पट्ट्या, कुठलं दार कोणाच्या कार्डाने उघडतं, कोणती कार्डं कोणत्या दाराला चालत नाहीत, सगळं. तळटिपा तर अशा, की अमक्या भागात डॉक्टरीणबाईंची पट्टी चुकून उजव्या बाहीवर दिसते, ती डावीकडे समजावी. माणसं इतकी रिकामी असू शकतात याचं मला नवल वाटलं आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. ती मालिका मी तेव्हा पाहिली नव्हती, आजतागायत पाहिलेली नाही. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की पुढच्या भागांचं चित्रीकरण चालू आहे. म्हणजे ती माणसं घरी पोचली की नाही हे त्या गाइडलाही ठाऊक नव्हतं.

सांगायचं होतं तर त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी ठरवलंही होतं. पण बाबा कचेरीतून आले ते सरळ कोनाड्याकडे बघत. "वाचून राहिली ना?" एवढंच विचारलं. मी ‘हो’ म्हणाले. या ‘हो’ला दोन कारणं होती. एक मायेचं, की या माणसाने जन्मात पहिल्यांदा साहेबाकडे तोंड उघडलं ते माझ्यासाठी. दुसरं निव्वळ मतलबाचं. बाबांचा शब्द त्या पुस्तकावर टेकलेला होता. पुस्तक खोटं निघालं की दोन वर्षंही गेली, आणि आई तर निरोप घेऊन जाणारा माणूस तयार ठेवून होती.

मला वाटलं होतं, ते गाइड कोनाड्यात राहील आणि मी गुपचूप खरी पुस्तकं आणून अभ्यास करीन. इथेच मी फसले. एसटी डेपोसमोरच्या दुकानात स्पर्धा परीक्षेची मराठी पुस्तकं टांगलेली असत. त्यातलं एक आणून द्या म्हणून मी बाबांना सांगितलं तर ते खरोखर दुखावले. "काहून? ऑफिशियल घरात असताना नकली कशाला पायजे? ते लोक हेच बघून छापत असतील." खरं बोलावं तर अभ्यास बंद, आणि खोटं बोलावं तर अभ्यासाची पुस्तकं बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसलं ते काम होतं. सार्वजनिक वाचनालयात मुलींनी बसायची रीत नव्हती. मी पेपर चाळायच्या निमित्ताने उभी राहायची आणि शेजारच्या टेबलावर पोरांनी उघडी टाकलेली पानं तिरक्या मानेने वाचायची. असं उभ्याने कोणी साहेब झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि संध्याकाळी वेगळाच प्रसंग. बाबा हातपाय धुऊन खाटेवर बसायचे आणि म्हणायचे, "हां, आज काय शिकलीस?" त्यांना एक पान इंग्रजीत वाचून दाखवायचं आणि मग मराठीत समजावून द्यायचं. पहिल्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून उठायच्या बेतात होते. पण समोरच्या पानावर एक ठाणं होतं, एक मोठा साहेब होता, त्याच्या हाताखाली अधिकारी होते, नियम होते, नियम मोडणारे होते. मी यान गाळलं, अंतराळ गाळलं आणि उरलेलं सांगितलं. एका दूरच्या ठाण्यावर काही कर्मचारी आहेत, त्यांना परत न्यायला गाडी आलेली नाही, अशा वेळी ठाण्याच्या साहेबाने काय करावं?

बाबांनी विचार केला. "लई लांबचं ठाणं दिसतंय," ते म्हणाले. "गडचिरोलीकडं असल. तिकडं बदली म्हणजे शिक्षाच असती. सायबानं आधी वर लिहावं."

पानावरही साहेबाने आधी वर लिहिलंच होतं. उत्तर आलं नव्हतं. हे सांगितल्यावर बाबांनी मांडीवर थाप मारली. "बराबर. वरून उत्तर येत नस्तंय. लिहिलंय ना गाइडात?"

तेव्हापासून रोज. ठाण्यावरची हवा संपत आली तेव्हा मी हवेचं पाणी केलं आणि बाबांनी टँकरच्या वाटपातली सगळी तकलीफ मला ऐकवली. परवानगीशिवाय दार उघडणाऱ्या हवालदाराची चौकशी लागली तेव्हा त्यांनी त्याची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्या आल्या चौकशीचं काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणाले, निलंबन. ते त्या दिवशी नीट जेवले नाहीत. मला स्वतःचा इतका राग आला की पुढच्या दिवशी मी त्याला मनानेच कामावर परत घेतलं.

खोटं सांगताना वाईट वाटायचं, पण त्यात मजाही यायची हे लपवून काय करू? दिवसभर कोणाला माझ्याशी दोन शब्द बोलायचे नसत आणि संध्याकाळी तासभर बाबा कान टवकारून ऐकत. मला सगळ्यात जास्त भीती त्या मजेचीच वाटायची. दुपारी एकटीने वाचताना कधीकधी हसू फुटायचं. आईला अक्षर येत नव्हतं, पण तिला फसवणं सोपं नव्हतं. भाकरी थापता थापता ती एकदा म्हणाली, "अभ्यास करताना कोणी हसत न्हाई. शेजारचा पोरगा अभ्यास करतो तर रडायला आल्यावानी दिसतो." मी म्हणाले, काही काही प्रश्न मजेशीर असतात. आई म्हणाली, "असतील," आणि भाकरी उलटली.

पहिल्या वर्षी परीक्षा दिली. नांदेडला केंद्र होतं. प्रश्नपत्रिका बघितली. घटना, नद्या, अर्थसंकल्प, गणितं. चाळीस माणसांच्या बाह्यांवरच्या पट्ट्या मला तोंडपाठ होत्या, त्यांच्याविषयी कोणी काही विचारलं नव्हतं. पेपरात छापून आलेल्या निकालात माझा नंबर नव्हता. बाबांनी पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "अजून एक वर्ष हाय. गाइड पुरं कुठं झालंय तुझं? शेवटची शंभर पानं राहिलीत." बोलताना त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मला त्या क्षणी ते पुस्तक चुलीत घालावंसं वाटलं. त्याच खोलीत, त्याच खाटेसमोर, पुन्हा एक वर्ष त्याच माणसांना घरी नेणारी गाडी येत नाही हे वाचत बसायचं, आणि वर्ष संपल्यावर पुन्हा नापास व्हायचं, हे मला लख्ख दिसत होतं. दिसत असूनही मी दुसऱ्या दिवशी पुढचं पान उघडलं, कारण दुसरं काही करायची हिंमत माझ्यात नव्हती.

दुसऱ्या परीक्षेला काही महिने असताना बाबांच्या कचेरीत नवे साहेब आले. तरणे, स्वतः परीक्षा देऊन नुकतेच लागलेले. त्यांनी चहा घेता घेता बाबांना घरी कोण कोण आहे असं विचारलं. बाबांना तेवढंच हवं होतं. शनिवारी ते घरी आले ते सायकलवरून उतरतानाच बोलत. "सायब म्हणले, कोणतं गाइड वाचती पोरगी? म्या म्हणलं, ऑफिशियल. म्हणले, घेऊन या सोमवारी, महत्त्वाच्या भागाला खुणा करून देतो. स्वतःहून म्हणले. म्या इचारलं बी न्हाई."

आई म्हणाली, "बरं झालं." मी कोनाड्यातल्या पुस्तकाकडे बघितलं.

रविवारचा सगळा दिवस माझ्याकडे होता. मी तो कसा घालवला हे सांगायला आजही लाज वाटते. सकाळी आई भाजीला गेली तेव्हा मी पुस्तक धान्याच्या कोठीमागे लपवलं. हरवलं म्हणून सांगायचं. अर्ध्या तासाने काढून परत ठेवलं, कारण हरवलं म्हटल्यावर बाबांनी घर उलटंपालटं केलं असतं आणि न सापडल्यावर साहेबांना काय सांगू म्हणून ते झोपले नसते. दुपारी बाबांनी खाकी कागद आणला. आईकडून कणकेची खळ करून घेतली आणि पुस्तकाला कव्हर घालायला बसले. कडा दुमडून, नखाने दाबून, अगदी हळूहळू. मी समोर बसले. आता सांगायचं, या कडेची खळ लावून झाली की सांगायचं, असं करत करत चारही कडा झाल्या. शेवटी मी म्हणाले, "बाबा, ते गाइड..."

"हां, सांग की."

त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांना खळ लागलेली होती आणि ते इतके खुश होते.

"कव्हर थोडं वाकडं लागलंय," मी म्हणाले.

त्यांनी ते उकलून पुन्हा लावलं. सोमवारी सकाळी पुस्तक पिशवीत घातलं. सायकलच्या मागे लावलं तर पडेल म्हणून पिशवी गळ्यात अडकवली आणि गेले. मी दारात उभी होते. हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. गल्ली काही फार लांब नव्हती.

तो दिवस मी तासातासाने काढला. घराजवळच्या रेल्वे स्टेशनात मालगाडी लागली होती, तिचे डबे आपटल्याचे आवाज येत होते. आता साहेब आले असतील, आता बाबांनी पाणी ठेवलं असेल, आता पिशवी उघडली असेल. मी देव मानत नाही, तरीही साहेब आज रजेवर असू देत असं कोणाला तरी म्हणत होते.

बाबा नेहमीच्या वेळेला आले. सायकल लावली, हातपाय धुतले. पुस्तक पिशवीतून काढलं, पण कोनाड्यात ठेवलं नाही. माझ्याजवळ चटईवर ठेवलं. आईने दिलेला चहा प्यायले आणि बशी खाली ठेवत तिला म्हणाले, "कळमनुरीवाल्यांना निरोप धाड. येत्या रविवारी या म्हणावं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिलाच हवं होतं ते, पण ती खुश झाली नाही. "अन् दोन वर्षं?"

"झाली की."

झाली नव्हती. चार महिने बाकी होते. बाबांनी दिलेला शब्द मोडताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. आई कप उचलून आत गेली.

"बाबा, सायब काय म्हणले?" मी विचारलं.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"तुमी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली. रागावतील, पुस्तक भिरकावतील असं मला वाटत होतं आणि त्यांनी तसं करावं असंही वाटत होतं. त्यांनी फक्त खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. मी पुन्हा विचारलं, "हसले का सायब?"

"हसले असते तर बरं झालं असतं," बाबा म्हणाले. "सगळे हसले असते, चार दिवस मला चिडवलं असतं, अन् झालं असतं. हसले न्हाईत. पानं चाळली. मंग उठून दार लोटून घेतलं, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. अन् मला म्हणले, काका, बसा. एकवीस वर्षं झाली नोकरीला, रोज सकाळी त्या खुर्च्या पुसतो. कोणत्याच सायबानं कवा बस म्हणलं न्हाई मला."

आत आईने भांडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंग?" मी म्हणाले. "बसलात?"

"बसलो," बाबा म्हणाले. "सायबानं बस म्हणल्यावर न्हाई कसं म्हणावं?"